मोकळ्या ऐरणीवरचा ठोका

हॅझलबीच्या लोहार गिल्डमध्ये एकेचाळीस सभासद होते आणि त्यांतल्या चाळीस जणांनी लोखंड ठोकलं नसतं तरी कुणाचं काही अडलं नसतं. कुणी निवृत्त गॅस-फिटर, कुणी शाळेची माजी मुख्याध्यापिका, एक तर चक्क दातांचा डॉक्टर. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमपासून अर्ध्या तासावरच्या एका जुन्या गोठ्यात शनिवारी सकाळी ही मंडळी जमायची, चामड्याचे एप्रन बांधायची, भट्टी पेटवायची, दोनदा चहा प्यायची आणि पडद्याची एखादी कडी नाहीतर शेकोटीचा चिमटा घडवून ऐटीत घरी न्यायची. एकेचाळिसावी यमुना. तिनं अकराव्या वर्षी घण उचलला होता आणि तो हौस म्हणून उचलला नव्हता.

यमुना घिसाड्याची. भाता, ऐरण आणि पोरं बैलगाडीत घालायची, गावाबाहेर पाल ठोकायचं, गावातल्या लोकांची खुरपी, विळे, कुऱ्हाडी घडवून, पाजवून द्यायच्या आणि काम संपलं की पुढचं गाव धरायचं. तिच्या लोकांत तापलं लोखंड धरायची सांडस नवऱ्याच्या हातात असते आणि घण बायकोच्या. सासू मुलगी बघायला आली की तोंडावळा नंतर बघायची, आधी खांदे दाबून बघायची. यमुनाचे खांदे दाबून सासूनं त्याच दिवशी सुपारी फोडली. पुढे नवऱ्यानं, ज्ञानेश्वरनं, फलटणच्या एसटी स्टँडमागे पत्र्याची शेड घातली. भटकणं थांबलं, घण थांबला नाही. ह्या घणावर त्यांचा एकुलता एक मुलगा अतुल आश्रमशाळेतून वसतिगृहात, वसतिगृहातून पुण्याच्या कॉलेजात आणि तिथून नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलातल्या एक्स-रे खात्यात पोचला.

इथे त्याला तनिषा भेटली. लंडनच्या हॅरोमध्ये वाढलेली, डॉक्टर श्रीनिवास आणि सुप्रभाबाईंची मुलगी. वडील काय करतात, असं सुप्रभाबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं तेव्हा अतुल म्हणाला, "फलटणला आमचं इंजिनिअरिंग वर्क्स होतं." आडनाव पवार, त्यामुळे पुढचं कुणी विचारलं नाही. पत्र्याच्या शेडला वर्क्स म्हणायला कुणाची ना नाही. पण खोटं एकदा घरात घेतलं की त्याला रोज जेवू घालावं लागतं, आणि अतुलनं त्याला अगदी मन लावून जेवू घातलं. पुण्याच्या हॉलमध्ये लग्न झालं तेव्हा यमुनाचा सख्खा भाऊ बबन मुंडासं बांधून येईल आणि चारचौघांत घरच्या बोलीत बोलेल, म्हणून त्याला कळवलंसुद्धा नाही. "आई, एवढं माझ्यासाठी," असं अतुल म्हणाला आणि यमुनानं मान डोलावली. भाच्याच्या लग्नाची बातमी बबनला चार महिन्यांनी दुसऱ्याच कुणाकडून कळली. त्यानंतर त्यानं बहिणीला फोन केला नाही.

ज्ञानेश्वर गेल्यावर अतुलनं आईला इकडे आणलं. ईराचा जन्म झाला होता, मूल सांभाळायला माणूस हवं होतं. हे मी कडवटपणे लिहितोय असं वाटेल, तर वाटू दे. यमुना चांगल्या गरम घरात राहत होती, नात अंगाखांद्यावर खेळत होती, सून स्वभावानं गोड होती. फक्त तिच्या हातांना काम नव्हतं. रात्री झोपेत तिचे खांदे हलायचे.

ईरा दीड वर्षाची असताना सगळे हॅझलबीच्या जत्रेला गेले. तिथं दोरी बांधून आत गिल्डचं प्रात्यक्षिक चाललं होतं. ट्रेव्हर नावाचा गलेलठ्ठ निवृत्त गॅस-फिटर जाडजूड सळई तापवून उभा होता आणि त्याचा घण मारणारा गडी आलेला नव्हता. "कुणी येतंय का घण मारायला?" असं त्यानं गर्दीला विचारलं. दोनतीन तरुण पुढे आले, चार ठोके मारून हसत परत गेले. अतुल आइस्क्रीमच्या रांगेत होता. यमुनानं बाबागाडी तनिषाच्या हातात दिली, पदर खोचला आणि दोरीखालून आत गेली.

लोक हसले. पहिला घण पडला आणि हसू थांबलं. तिनं अकरा घण मारले, अकराच्या अकरा एकाच जागी. ट्रेव्हरनं सळई उचलून बघितली, मग तिच्याकडे बघितलं आणि भर जत्रेत एक अस्सल शिवी हासडली. "डक," तो म्हणाला, "शनिवारी काय करतेस?"

तिकडचे लोक प्रेमानं सगळ्यांनाच डक म्हणतात. यमुनानं नंतर अतुलला अर्थ विचारला, तो म्हणाला, "बदक." तिला बदक म्हणवून घ्यायला आवडलं.

अतुल आइस्क्रीम घेऊन आला तेव्हा त्याची आई घामानं निथळत उभी होती आणि वीस माणसं टाळ्या वाजवत होती. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण माणूस हुशार. जागच्या जागी त्यानं सांगून टाकलं, "आई बाबांच्या वर्क्समध्ये बघायची ना, त्यामुळे तिला थोडं येतं. It's just a hobby." तनिषाला फारच कौतुक वाटलं. तिनं हॅरोला फोटो पाठवला. सुप्रभाबाईंनी तो तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "आमच्या विहीणबाईंचा आगळावेगळा छंद!" तेव्हापासून गिल्डच्या मासिक पत्रकात यमुनाचं नाव आलं की ते संध्याकाळच्या आत हॅरोला पोचायचं.

पुढची तीन वर्षं यमुनाच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. ज्ञानेश्वरबरोबर ती पोटासाठी राबली होती. इथं तिला चहा द्यायचे, जड सामान उचलू द्यायचे नाहीत, आणि घण हातात आला की बाजूला उभे राहून बघायचे. इंग्रजी तिला भट्टीपुरतं यायला लागलं. हॉट, कोल्ड, हार्ड, इझी, अगेन. एकच गोष्ट तिला नव्यानं शिकावी लागली, ती म्हणजे खूण. लोहार हातोडी तापल्या लोखंडावर जिथं टेकवतो तिथं घण मारायचा, हे सगळीकडे सारखंच. पण हॅझलबीत लोहारानं मोकळ्या ऐरणीवर हातोडी वाजवली की त्याचा अर्थ थांब. यमुनाच्या घरात उलटं होतं. ज्ञानेश्वर मोकळ्या ऐरणीवर वाजवायचा म्हणजे जोर लाव, आणखी मार. थांबवायचं तेव्हा तो हातोडी आडवी ठेवायचा. पंचवीस वर्षांची सवय तिनं पहिल्याच महिन्यात मोडली. आपल्यात वेगळं असतं हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगायला गेलं तर 'आपल्यात' म्हणजे कोणात, हा प्रश्न आला असता.

चौथ्या वर्षी ट्रेव्हरनं सुचवलं की आता यमुनाला पूर्ण सभासद करावं. त्यासाठी ऑगस्टच्या जत्रेत लोकांसमोर आपल्या मनाची एक वस्तू घडवून दाखवायची, मग गोठ्यातल्या लाकडी पाटीवर नाव कोरलं जातं आणि ऐरणीवरची जागा कायमची होते. यमुनाला हे एवढंच हवं होतं. तिच्या नावाची पाटी आजवर कुठंच लागली नव्हती. शेडवर ज्ञानेश्वरचं नाव होतं, इथल्या दारावर अतुल-तनिषाचं. "काय बनवशील?" मॉरीननं विचारलं. ही गिल्डची अध्यक्ष, मुख्याध्यापिका होती ती. यमुना म्हणाली, "कुऱ्हाड." आणि हातानं झाड तोडून दाखवलं.

ऑगस्टात ऊन चांगलं होतं. ट्रेव्हरनं सांडस धरली, यमुना सांगेल तसं लोखंड फिरवायचं ठरलं होतं. तीनदा लोखंड लाल झालं आणि त्या तीन तावांत कुऱ्हाडीचं तोंड निघालं. आपल्या रीतीची वस्तू चार वर्षांनी पहिल्यांदाच तिच्या घणाखाली येत होती. पात्याला उतार आला, दांड्याचं भोक बसलं, घणाला लय सापडली. ती हॅझलबीत होती की फलटणला, हे तिच्या डोक्याला ठाऊक असेल, हातांना नव्हतं. ट्रेव्हरनं मोकळ्या ऐरणीवर हातोडी वाजवली आणि खपली झाडायला ब्रश घेऊन हात पुढे केला. यमुनाच्या कानांनी ऐकलं, जोर लाव.

ट्रेव्हरच्या डाव्या हाताची दोन बोटं चिरडली. एक डॉक्टरांनी सांधलं, दुसरं पेरापासून काढलं.

दहा दिवसांनी गिल्डची बैठक बसली. विमा कंपनीला कारण लिहून द्यायचं होतं. यमुनाबरोबर दुभाषा म्हणून अतुल आला; तनिषा ईराला घेऊन घरी थांबली. मॉरीन काही वाईट बाई नव्हती. ती म्हणाली, "आम्हाला फक्त कळायला हवं की हे कशामुळे झालं. चूक समजली तर तीन महिने सराव करून यमुना परत येऊ शकते. समजली नाही तर मला तिला ऐरणीजवळ उभं करता येणार नाही." हाताला हे भलंमोठं बँडेज बांधून ट्रेव्हर शेजारी बसला होता. तो म्हणाला, "माझ्यापेक्षा तिचा हात चांगला आहे. ती उगाच चुकणार नाही. तिला विचारा."

यमुनानं सगळं सांगितलं. दहा दिवस तिला अन्न गोड लागलं नव्हतं, आज तिला एका दमात बोलायचं होतं. "आरं, सांग त्यास्नी. आमच्यात मोकळ्या ऐरणीवर ठोका पडला म्हंजे मार जोरात. तुझा बा तसाच वाजवायचा. म्या हितं आल्यावर मोडली ती सवय, पर त्या दिवशी कुऱ्हाड व्हती, हात घरला गेला. आमी घिसाडी हाय, पिढ्यान् पिढ्या ह्येच केलं, त्यांची खूण न्यारी आन् आमची न्यारी, एवढंच चुकलं. ट्रेव्हरदादाला म्हणावं, माझा हात तोड, पर माझ्या मनात काय नव्हतं."

अतुलनं ऐकून घेतलं. समोर मॉरीन वहीत पेन टेकवून बसली होती. ती जे लिहील ते पत्रकात छापलं जाणार, शनिवारपर्यंत हॅरोच्या ग्रुपवर जाणार. भटक्या लोहारांची शेकडो वर्षांची परंपरा, केवढी सुंदर हकिकत! मॉरीननं तर शाळाशाळांत यमुनाला मिरवलं असतं. अतुलला हे सगळं एका क्षणात दिसलं असणार, कारण तो लगेच बोलायला लागला आणि त्याचा आवाज हॉस्पिटलातल्यासारखा मऊ झाला.

तो इंग्रजीत म्हणाला की आईला वर्षभरापासून विसरायला होतंय. आम्ही घरी बघतोय. कधी गॅस चालू राहतो, कधी दिवस कळत नाही. खूण तिच्या डोक्यातून निघून गेली. मी रोज अशी माणसं तपासणीला येताना बघतो, I should have told you earlier, चूक माझी आहे.

यमुनाला भट्टीपुरतं इंग्रजी येत होतं, पण 'फर्गेट' आणि 'मेमरी' हे शब्द तिला कळले. मुलानं कपाळाशी बोट नेलेलं तर आंधळ्यालाही कळलं असतं.

मॉरीनचा चेहरा एकदम पडला. तिची स्वतःची आई अशीच गेली होती. ती पुढे झुकली आणि अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून तिनं विचारलं, "यमुना, तू विसरतेस का गं?"

"आई, हो म्हण," अतुल खाली बघत मराठीत म्हणाला. "प्लीज. ह्यांना कळलं की तनिषाच्या आईबाबांना कळेल. माझं घर मोडेल गं."

आता हे घर मोडलं असतं का? तनिषाला कुणी कधी विचारलंच नव्हतं. ती कदाचित हसली असती, कदाचित महिनाभर अबोला धरला असता, कदाचित नवऱ्याला म्हणाली असती की एवढंच होतं तर लपवलंस कशाला. पण त्या गोठ्यात ती नव्हती. तिथं होतं अतुलचं मनगट, टेबलावर ठेवलेलं, आणि त्यावरचा चट्टा. मोटारसायकलच्या सायलेन्सरनं भाजलं, असं तो सगळ्यांना सांगायचा. तो नऊ वर्षांचा असताना भाता ओढता ओढताच पेंगला होता, चांगलं लोखंड जळून गेलं होतं, आणि यमुनानं हातातली तापली सांडस त्याच्या मनगटावर हाणली होती. त्या रात्री तो रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं, असं तिला आजवर वाटत आलं होतं.

"यस," यमुना म्हणाली.

मॉरीननं लिहून घेतलं. ट्रेव्हर उठला, चांगल्या हातानं त्यानं तिचा खांदा थोपटला. त्याचे डोळे भरून आले होते. "ओ डक," तो म्हणाला, "मला माहीत असतं तर मी तुला घण दिलाच नसता."

गाडीत बसल्यावर अतुल म्हणाला, "थँक यू, आई." यमुनानं पट्टा लावला.

गिल्डची माणसं मोठ्या मनाची. त्यांनी तिला काढून टाकलं नाही, मानद सभासद केलं. ऑक्टोबरच्या जत्रेला तिच्यासाठी घडीची खुर्ची मांडली, अंगावर घ्यायला चौकड्यांची शाल ठेवली, छातीला बिल्ला लावला. खुर्ची दोरीच्या बाहेर होती. आत दाताचा डॉक्टर घण मारत होता आणि यमुनाला लांबून दिसत होतं की तो ताव येण्याआधीच मारतोय. एकदा तोंडातून "थांब" निघणार होतं, तिनं चहाचा घोट घेतला.

दुपारी मॉरीन एक छोटी हातोडी घेऊन आली. असल्या लोकांच्या हातात ओळखीच्या वस्तू द्याव्यात, त्यानं बरं वाटतं, असं तिनं कुठंसं वाचलं होतं. ती यमुनासमोर उकिडवी बसली. "हे काय आहे, यमुना? आठवतंय?" आजूबाजूची माणसं कौतुकानं बघायला लागली. अतुल खुर्चीमागे उभा होता, तनिषा ईराला कडेवर घेऊन शेजारी.

यमुनानं हातोडी बघितली. दांडा ढिला होता, पाचर ठोकायला हवी होती. "हॅमर," ती म्हणाली.

मॉरीननं टाळ्या वाजवल्या. दोनचार अनोळखी बायकांनीही वाजवल्या. तनिषाच्या डोळ्यांत पाणी आलं. अतुलही टाळ्या वाजवत होता आणि त्याच्या तोंडावर जे होतं ते खोटं नव्हतं, हीच भयंकर गोष्ट. त्याला खरोखर बरं वाटलं होतं. गेल्या दोन महिन्यांत त्यानं आईच्या खोलीच्या दारावर वारांचा तक्ता लावला होता, गॅसला कुलूप घातलं होतं, तिला एकटीला बसनं जाऊ देणं बंद केलं होतं. आधी ते दाखवायला केलं असेल. आता तो रोज सकाळी तिला वार विचारायचा आणि ती बरोबर सांगायची तेव्हा "व्हेरी गुड" म्हणायचा.

परतताना अतुल गाडी चालवत होता. मागे यमुना आणि तनिषा, मधल्या सीटवर ईरा झोपलेली. हॅझलबी मागे पडलं तसं यमुनाच्या छातीत काहीतरी उसळून आलं. राग म्हणा. चार वर्षांत, नाही, अतुल जन्मल्यापासून पहिल्यांदाच तिला वाटलं की मोडू दे ह्याचं घर. मोडायचं तर मोडू दे, मला माझं नाव पाहिजे.

"तनिषा," ती म्हणाली, "ऐक माझं. आमचं वर्क्स बिर्क्स काय नव्हतं. आमी घिसाडी. गावोगाव पाल टाकून ऱ्हायचो. म्या रस्त्याकडंला बसून घण मारलाय, ह्यो झोळीत रडायचा. माझा भाऊ हाय, बबन, त्याला लग्नाला बोलावलं न्हाई. आन् मी काय इसरत न्हाई. काय सुदीक इसरली न्हाई."

तनिषा ऐकत होती. नुसती मान हलवत नव्हती, खरंच ऐकत होती. तिनं पुढे आरशात अतुलकडे बघितलं.

अतुलनं आरशातूनच बायकोकडे बघितलं आणि हळूच मान हलवली. आवाज खाली आणून तो म्हणाला, "हे आता असंच होणार, तनू. मी तुला बोललो होतो ना? They make up whole stories. कुठंतरी बघितलेलं, ऐकलेलं, सगळं स्वतःचं वाटायला लागतं. डोन्ट आर्ग्यू, फक्त हो म्हण."

तनिषाच्या चेहऱ्यावरचा प्रश्न विरघळला. तिनं यमुनाचा हात हातात घेतला, खरखरीत तळव्यावरून अंगठा फिरवला.

"हो, आई," ती म्हणाली. "किती छान गोष्ट आहे. परत सांगा ना मला, नंतर. आता थोडी झोप घ्या."